चार डोळ्यांचे पाखरू

गेल्या वर्षीच्या जून महिन्यातली गोष्ट. सकाळची वेळ होती आणि मी वस्तीतल्या वाचनालयाचा हिशेब घेऊन बसलो होतो. वर्गणीच्या पावत्या आणि वहीतला आकडा काही केल्या जुळत नव्हता. तेवढ्यात मोबाईल वाजला. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात राहणाऱ्या माझ्या भाचीने फोटो पाठवला होता. दारावरच्या दिव्याखाली, पांढऱ्या भिंतीवर एक भले मोठे पाखरू पंख पसरून बसलेले. रंग वाळल्या पानासारखा आणि पंखांवर चार डोळे. खाली तिने लिहिले होते, "मामा, हा काय प्रकार आहे? पोरगं दारात पाय ठेवत नाही. म्हणतो, ते माझ्याकडेच बघतंय."

भाचीचा मुलगा सात वर्षांचा. तिकडे रात्र झालेली, म्हणून ही सगळी वार्ता आमच्याकडे सकाळी आली. फोटो घरच्या सगळ्यांना गेला होता. त्यावर ज्याला जे सुचेल ते त्याने लिहिले. एकाने त्याला फुलपाखरू ठरवले, दुसऱ्याने वटवाघळाचे पिल्लू. एका नातेवाइकाने तर "रात्रीचं दारात आलं, हे काही चांगलं नाही" असेही लिहून टाकले. त्याला मी कळवले, "बाबा रे, दिवा चालू होता म्हणून आलं. दिवा बंद कर म्हणावं, जाईल."

फोटो मी आईला दाखवला. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. तिचे माहेर भंडारा जिल्ह्यातले. तिने चष्मा लावला, मोबाईल हातभर लांब धरला आणि क्षणभरही न थांबता म्हणाली, "हे त कोशाचं पाखरू होय. अमेरिकेत कसं गेलं?"

आता पंचाईत झाली. भाचीने मोबाईलवरच्या एका यंत्राला विचारले होते. त्याने उत्तर दिले, पॉलिफेमस मॉथ. आई म्हणते कोशाचे पाखरू. खरे कोण? मी बी. कॉम. झालेला कारकून. कीटकशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या पुस्तकापुरता. परंतु कारकुनी करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. एकाच नावाची दोन माणसे निघाली, तर नुसत्या नावावर कागद पुढे सरकवायचा नसतो. वडिलांचे नाव पाहायचे, गाव पाहायचे, अंगावरची खूण लिहिलेली असेल तर ती जुळवायची. नाही तर एकाची पेन्शन दुसऱ्याच्या नावावर जाते आणि खरा धनी वर्षभर खेटे घालत राहतो. अशी प्रकरणे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पाखराचेही तसेच करायचे असे मी ठरवले. खूण, कुळ आणि गाव. दोन-तीन संध्याकाळी वाचण्यात घालवल्या, भाचीला प्रश्न विचारले, आणि जे हाती आले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

आधी खुणा. पहिली खूण आकार. पंख पसरले की हे पाखरू साधारण १० ते १५ सेंटिमीटर रुंद भरते, म्हणजे मोठ्या माणसाचा तळहात सहज झाकून जाईल. दुसरी खूण रंग. तपकिरी, कधी पिवळसर, कधी तांबूस. मात्र रंगावर फार भरवसा ठेवू नये. एकाच आईची पोरे उजळ-सावळी असतात, तसेच इथे.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे डोळे. चारही पंखांवर एकेक. हे खरे डोळे नव्हेत, नुसते ठिपके आहेत. पुढच्या पंखांवरचे लहान, मागच्या पंखांवरचे मोठे. मागच्या मोठ्या डोळ्याभोवती पिवळे कडे आणि त्याला लागून निळ्या-काळ्या रंगाचा पट्टा. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध खिडकीला काच बसवावी तसा एक पारदर्शक भाग असतो. पतंगाच्या पंखांवर जी भुकटी असते, ते बारीक खवले असतात. या मधल्या भागावर ते नसतात, म्हणून आरपार दिसते. पाखराला कोणी डिवचले तर ते मागचे पंख एकदम उघडते आणि दोन मोठे डोळे समोर येतात. झडप घालायला आलेला पक्षी दचकतो, आणि तेवढ्यात याला वेळ मिळतो. तेव्हा पोरगा घाबरला यात त्याची काही चूक नाही. ते डोळे घाबरवण्यासाठीच आहेत.

मी भाचीला लिहिले, "डोळ्याच्या मधून भिंत दिसते का, तेवढं बघ." दहा मिनिटांत उत्तर आले, "हो मामा, मधला ठिपका भिंतीसारखा पांढराच दिसतो. हातात टॉर्च घेऊन पोरगाच पुढे झाला बघायला." म्हणजे भीती गेली होती. काय शोधायचे हे हाती आले, की अर्धी भीती तिथेच जाते.

चौथी खूण मिशा. नराच्या मिशा रुंद, पिसासारख्या फुललेल्या. मादीच्या त्यामानाने अरुंद, आणि तिचे पोट जड. मादी एका जागी बसून हवेत गंध सोडते आणि नर तो गंध मिशांनी टिपत फार लांबून तिच्यापर्यंत पोहोचतो. हा गंध टिपण्याच्या कामी येणारे एक प्रथिन १९८१ साली व्होग्ट आणि रिडिफर्ड या शास्त्रज्ञांना याच पाखराच्या मिशांत सापडले. अशा प्रकारचे ते पहिलेच प्रथिन होते. भिंतीवर बसलेल्या या सामान्य दिसणाऱ्या पाहुण्याने विज्ञानाला एवढे शिकवले आहे.

मग याच्याशी गल्लत होईल असे तिकडे दुसरे कोण आहे? सेक्रोपिया नावाचा पतंग याहून मोठा असतो. पण त्याचे अंग लाल आणि त्यावर पांढरे पट्टे, पंखांवर तांबडी-पांढरी किनार, आणि ठिपक्यात काचेची खिडकी नाही. लूना हा फिकट हिरवा आणि त्याच्या मागच्या पंखांना लांब शेपट्या, त्यामुळे तिथे चूक होत नाही. आयो नावाचा पतंग बराच लहान. त्याच्या मागच्या पंखांवर मोठे काळे-निळे डोळे असतात, पण त्यांच्या मध्ये पांढरा ठिपका असतो, आरपार दिसत नाही. या आयोच्या अळीच्या अंगावर झोंबणारे काटे असतात. मुलांना तिला हात लावू देऊ नये, हे भाचीला मुद्दाम कळवले. पॉलिफेमसची अळी मात्र निरुपद्रवी. गुबगुबीत, हिरवीगार, बाजूंना पिवळ्या तिरप्या रेघा आणि लाल-रुपेरी टिकल्या. लूनाची अळीही हिरवीच, पण तिच्या कडेने पिवळी रेघ आडवी, डोक्याकडून शेपटीकडे जाते.

आता गाव. शास्त्रात याला आढळक्षेत्र म्हणतात. पॉलिफेमसचे गाव फार मोठे आहे. कॅनडाच्या दक्षिण भागापासून सगळी अमेरिका ओलांडून थेट मेक्सिकोपर्यंत. अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांपैकी ॲरिझोना आणि नेव्हाडा ही दोनच राज्ये यादीतून वगळलेली दिसतात. ॲरिझोना, न्यू मेक्सिको या कोरड्या डोंगराळ भागात त्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा ऑक्युलिया नावाचा पतंग राहतो. दिसायला जवळजवळ तसाच, पण त्याच्या चारही डोळ्यांभोवती काळा-निळा रंग अधिक असतो. म्हणजे हेच चित्र ॲरिझोनातून आले असते, तर मी दहादा विचार केला असता. पेन्सिल्व्हेनियातून आले म्हणून शंका उरली नाही. फोटोइतकाच फोटो कुठून आला हेही महत्त्वाचे ते असे.

एवढ्या मोठ्या मुलखात हे पाखरू कसे टिकले? कारण त्याची अळी खाण्याच्या बाबतीत हट्टी नाही. ओक, बर्च, विलो, मेपल, जे झाड मिळेल त्याचा पाला ती खाते. ज्याला एकच झाड चालते त्याला त्या झाडाबरोबरच राहावे लागते. उत्तरेकडे थंडी लांबते म्हणून वर्षाला एकच पिढी होते, दक्षिणेकडे दोन. मोठे पाखरू मात्र काहीच खात नाही. त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. अळी असताना जे पोटात साठवले, त्यावर आठवडाभराचे आयुष्य. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपले.

१७७६ साली पीटर क्रामर याने या पाखराला पॉलिफेमस हे नाव दिले. हा क्रामर ॲमस्टरडॅमचा व्यापारी होता. ग्रीक कथेतल्या एका डोळ्याच्या राक्षसाचे हे नाव. एका वाणिज्याच्या माणसाने पाखराचे बारसे केले, हे वाचून मला थोडे बरे वाटले!

राहिले कुळ. पॉलिफेमसचे पूर्ण शास्त्रीय नाव अँथेरिया पॉलिफेमस. आणि आपल्या विदर्भात ज्यापासून टसर रेशीम निघते, ते कोशाचे पाखरू म्हणजे अँथेरिया मायलिटा. नावातला पहिला शब्द एकच! म्हणजे एकच कुळ. टसरच्या पाखराच्या पंखांवरही तसेच डोळे, त्यांच्या मध्येही तशीच काचेची खिडकी. मी आईला म्हणालो, "माय, तू बरोबर वळखलंस. हे आपल्या कोशाच्या पाखराच्या भावकीतलं आहे." आई म्हणाली, "मंग मी काय म्हणत होती?"

आईने हे ज्ञान कुठल्या पुस्तकातून घेतले नव्हते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भागात ढिवर समाजाची कुटुंबे पिढ्यान्पिढ्या ऐनाच्या झाडांवर, म्हणजे तिकडच्या बोलीत येनाच्या झाडांवर, कोशाची अळी पाळत आली. पक्ष्यांपासून, मुंग्यांपासून तिला राखायचे, पाला संपला की दुसऱ्या झाडावर न्यायचे. आई लहानपणी शेजारच्या बायांबरोबर कोशाचा धागा काढायला बसत असे. कोसे उकळायचे, टोक शोधायचे आणि चार-पाच कोशांचे धागे एकत्र करून उघड्या मांडीवर वळायचे. मांडीची कातडी सोलून निघे, असे ती सांगते. ती शाळेत गेली नाही. पण साठ-सत्तर वर्षांनंतर, सात समुद्रापलीकडचा फोटो पाहून तिने कुळ बरोबर सांगितले. यंत्राने नाव सांगितले, आईने भावकी सांगितली. दोघांचेही खरे होते.

फरक कोशात आहे. टसरच्या कोशाला कडक देठ असतो आणि त्याची कडी फांदीला घट्ट अडकवलेली असते. पॉलिफेमसची अळी बहुधा पान गुंडाळून त्यात कोश विणते आणि शरद ऋतूत पानाबरोबर तो जमिनीवर पडतो.

आईने पुढचा प्रश्न विचारला तो अगदी कामाचा. "तिकडचे लोकं याचा कोसा काढत नाहीत का?"

काढायचा प्रयत्न झाला होता, आणि ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. एतिएन लेओपोल्ड त्रुव्हलो नावाचा एक फ्रेंच चित्रकार अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मेडफर्ड गावी येऊन राहिला होता. युरोपात त्या काळी रोगामुळे रेशमाचे किडे मरत होते. अमेरिकेतल्या पाखरापासूनच रेशीम काढावे असे त्याने मनात घेतले. बऱ्याच जाती तपासून त्याने हा पॉलिफेमस निवडला. घरामागच्या पाच एकर झाडीवर जाळी टाकली आणि १८६५ साली तिथे दहा लाख अळ्या पाला खात होत्या, असे त्याने लिहून ठेवले आहे. माणूस बारीक नजरेचा. एक अळी ५६ दिवसांत आपल्या जन्मवेळच्या वजनाच्या ८६ हजार पट पाला खाते, हा हिशेबही त्याचाच.

इथपर्यंत सारे ठीक होते. पण पुढे त्याने युरोपातून दुसऱ्याच एका पतंगाची अंडी आणवली. १८६८ किंवा १८६९ साली त्यांतल्या काही अळ्या त्याच्या घरातून निसटल्या. धोका त्याच्या ध्यानात आला आणि त्याने जाणकारांना कळवलेही, असे सांगतात. परंतु कोणी मनावर घेतले नाही. त्रुव्हलोने किड्यांचा नाद सोडला आणि आकाशाकडे डोळे लावले. १८७२ साली तो हार्वर्डच्या वेधशाळेत लागला आणि ग्रह-ताऱ्यांची सुंदर चित्रे काढून नावारूपाला आला. १८८२ साली मायदेशी परत गेला आणि १८९५ साली वारला.

मेडफर्डमध्ये मात्र ती अळी वाढतच राहिली. १८८९ सालच्या उन्हाळ्यात गावातली झाडे निष्पर्ण झाली. अळ्या भिंतींवर, कुंपणांवर, रस्त्यांवर, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या अंगावर पडू लागल्या. १८९० पासून सरकारने तिचा नायनाट करायचे काम काढले, दहा वर्षे पैसा ओतला आणि १९०० साली हात टेकले. आज ही जात अमेरिकेच्या ईशान्य आणि मध्य भागात व कॅनडाच्या पूर्वेकडे पसरली आहे. पेन्सिल्व्हेनियातही आहे. तीनशेहून अधिक जातींच्या झाडाझुडपांचा पाला ती खाते आणि ओक तिला विशेष आवडतो. या युरोपीय जातीच्या मादीला उडता येत नाही. तरी ती एवढी पसरली, कारण तिची अंडी जळाऊ लाकडांना आणि गाड्यांना चिकटून माणसाबरोबरच गावोगाव गेली.

हिला मारायला १९०६ साली युरोपातून एक माशी आणली. ही माशी अळीच्या अंगात आपली पिल्ले सोडते. पण ती एका जातीवर थांबली नाही. तिथल्या मूळच्या मोठ्या रेशमी पतंगांच्या अळ्याही तिने पोखरायला सुरुवात केली. ईशान्य अमेरिकेत हे पतंग कमी होण्याचे ही माशी मोठे कारण असावे, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात म्हटले आहे. म्हणजे ज्या पॉलिफेमसच्या रेशमासाठी हा उद्योग सुरू झाला, त्याच्याच भावकीच्या मुळावर तो आला. कोणाचे गाव कोणते, हे न पाहता केलेल्या उठाठेवीचा हा जमाखर्च.

या परक्या पतंगाच्या नावाचीही एक गोष्ट आहे. शंभराहून अधिक वर्षे इंग्रजीत त्याला 'जिप्सी' पतंग म्हणत. जिप्सी हा शब्द युरोपातल्या रोमा लोकांना हिणवून लावला जातो. या लोकांच्या भाषेचे मूळ आपल्या भारतात आहे, हे भाषाशास्त्राने दाखवून दिले आहे. भटका, पाला फस्त करणारा, नको असलेला किडा, आणि त्याला माणसांच्या एका समाजाचे नाव! अमेरिकेतल्या कीटकशास्त्रज्ञांच्या संस्थेने जुलै २०२१ मध्ये हे नाव आपल्या यादीतून काढले आणि मार्च २०२२ मध्ये 'स्पाँजी' पतंग असे नवे नाव दिले, कारण त्याच्या अंड्यांचा पुंजका स्पंजासारखा दिसतो. नाव बदलले म्हणून किडा पाला खायचा थांबला नाही, हे खरे. पण ज्यांनी आपल्या जातीचे नाव शिवीसारखे वापरलेले ऐकले आहे, त्यांना या बदलाची किंमत समजावून सांगायला नको.

असो. मूळ गोष्टीकडे येतो. ऑक्टोबरमध्ये भाचीचा पुन्हा फोन. पोराला आता पाखरांचा नाद लागला होता. अंगणातला पाला गोळा करताना त्याला ओकच्या पानात गुंडाळलेला एक कोश सापडला. हाताला जड लागत होता, म्हणजे आत जीव होता. त्याने तो काचेच्या बरणीत घातला, झाकणाला भोके पाडली आणि बरणी स्वयंपाकघरात फळीवर ठेवली. भाची म्हणाली, "बाहेर बर्फ पडेल, मरून जाईल म्हणतो. हातच लावू देत नाही."

पोराच्या मनात माया होती. पण मायेने केलेली गोष्ट नेहमी हिताची असतेच असे नाही. मी त्याच्याशी बोललो. "बाळा, हा कोश थंडी सोसायलाच बनलाय. घरात ऊब लागली तर त्याला वाटेल उन्हाळा आला, आणि तो जानेवारीतच बाहेर येईल. बाहेर ना झाडाला पान, ना जोडीदार. कुठं जाईल?" तो रडवेला झाला. म्हणाला, "आजोबा, पण बरणीत तर तो सुरक्षित आहे."

तेव्हा त्याला मी एक खरी हकीकत सांगितली. ॲनी डिलर्ड नावाच्या लेखिका त्याच पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग शहरात वाढल्या. १९७४ साली निघालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी लहानपणची एक आठवण लिहिली आहे. शाळेत जानेवारी महिन्यात कोणीतरी पॉलिफेमसचा कोश आणला. मुलांनी तो एकमेकांच्या हातात दिला. हातांच्या उबेने आतला जीव चाळवला. मग बाईंनी तो काचेच्या बरणीत ठेवला. पाखरू बाहेर आले, पण बरणी लहान. पंख पसरायला जागाच नव्हती. ते जसे चुरगळलेले होते तसेच वाळून कडक झाले. पुढे त्या पाखराला बाहेर सोडून दिले. ते उडू शकले नाही, रस्त्यावरून चालत निघाले. पुस्तकाला पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले, परंतु लेखिकेच्या डोळ्यांसमोरून ते चालणारे पाखरू हलले नाही.

असे का होते? पाखरू तयार झाले की तोंडातून एक रस सोडते. तो रस रेशमाला धरून ठेवणारा डिंक विरघळवतो आणि कोशाला वाट पडते. हार्वर्डच्या काफाटोस आणि विल्यम्स यांनी १९६४ साली याच कुळातल्या पाखरांवर हे दाखवून दिले. बाहेर आलेल्या पाखराचे पंख ओल्या चिंधीसारखे असतात. ते काही तरी धरून वर चढते, उलटे लटकते आणि अंगातला रस पंखांत भरते. त्यासाठी पंखांच्या लांबीएवढी मोकळी जागा आणि थोडा वेळ, एवढेच हवे असते. ती वेळ एकदाच येते. पंख वाळले की मग तुम्ही त्याला आख्खे मैदान द्या, उपयोग नाही.

बाप्पा हो, हे लिहिताना मला आमच्या वस्तीतली दहा बाय दहाची खोली आणि तिच्यात कोपऱ्यात बसून अभ्यास करणारी पोरे दिसतात. वाचनालय रात्री अकरापर्यंत उघडे ठेवण्यासाठी आम्ही का भांडतो, ते यात आले. जास्त बोलत नाही.

पोरगा ऐकून घेत होता. दुसऱ्या दिवशी जावयाने जुन्या लाकडी खोक्याला चारही बाजूंनी जाळी ठोकली, आत एक खडबडीत काटकी उभी केली. पिंजरा मागच्या ओसरीत, सावलीत, उंदीर पोहोचणार नाही असा टांगला. कोश फार कोरडा पडू नये म्हणून अधूनमधून पाण्याचा हबका. थंडीभर पोरगा रोज टोपी घालून बघायला जायचा. फेब्रुवारीत भाचीने लिहिले, "मामा, काहीच हालचाल नाही. मेला असेल का?" मी लिहिले, "धीर धर." खरे सांगायचे तर मलाही खात्री नव्हती.

या वर्षी मे महिन्याच्या शेवटी, त्यांच्याकडे दुपार उतरताना ते बाहेर आले. आमच्याकडे मध्यरात्र. पहाटे उठून फोटो पाहिले. पहिल्यात चिंधी, दुसऱ्यात अर्धे पंख, शेवटच्यात चार डोळे उघडलेले, पूर्ण. मिशा अरुंद, पोट जड, म्हणजे मादी. सकाळी साडेसहाला भाचीने चित्रासह फोन लावला. तिकडे नुकता अंधार पडत होता. पोराने खोक्याचे दार उघडले आणि मागे सरकून उभा राहिला. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग पाखराने पंख थरथरवले, एकदा खोक्याला धडकले आणि वर, झाडांकडे निघून गेले. पोरगा टाळ्या वाजवेल असे मला वाटले होते. तो गप्प उभा होता.

आई माझ्या शेजारी बसून बघत होती. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडं बियाच्या कोशातून पाखरू निघे, त्याले आंडी घ्यासाठी टोपल्यात ठेवत. बाकीचे कोसे त आमी उकळत होतो. एवढे कोसे हातातून गेले, पण असं उडून गेलेलं म्या आज पयल्यांदाच पायलं."

वाचकहो, सध्या पावसाळ्याचे दिवस आहेत. दिव्याशी पाखरे येतील. तसे एखादे आले तर चपलेने मारू नका आणि शकुन-अपशकुनही काढू नका. मुलांना जवळ बोलवा. आकार किती, डोळ्यातून भिंत दिसते का, मिशा कशा आहेत, ते बघायला सांगा. वहीत तारीख आणि गाव लिहायला लावा. आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल, तर यंत्राला विचारण्याआधी एकदा त्याला दाखवा.